डबा आडवा ठेवण्याचा आदेश

सरकारी कचेरीच्या मुख्य दरवाजावर नवी पाटी लागली आणि तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याचं पोट बिघडलं. पाटी चांगली दारभर होती, लाल अक्षरांची होती, आणि लिहिणाऱ्याने शब्दांची काटकसर केलेली नव्हती. सरकारी आवारात सुरक्षा अधिकाऱ्याने दिलेला कायदेशीर आदेश जो कोणी मानणार नाही त्याला दंड, किंवा कैद, किंवा दोन्ही. वाचणाऱ्याला घाम फुटावा अशी एकूण योजना होती. प्रत्यक्षात लोक येता-जाता तिला ओल्या छत्र्या टेकवू लागले आणि घाम फुटला तो एकट्या सुरक्षा अधिकाऱ्याला. कारण पाटीत म्हटलेला तो आदेश द्यायचा कुणी, तर त्याने.

आदेश देणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं. अंगाने गडी दांडगा. दारात उभा राहिला की मागचं दार दिसत नसे. गणवेश तर त्याला असा बसायचा की शिंप्याने उगाच मिरवावं. पण तोंड उघडलं की सगळ्या धिप्पाडपणावर पाणी पडायचं. "कृपया, जमण्यासारखं असेल तर, बॅग जरा या पट्ट्यावर ठेवली तर..." एवढं म्हणून तो थांबायचा आणि पुढचं वाक्य समोरच्याच्या मर्जीवर सोडायचा. लोक बॅग ठेवायचे. एवढ्या मोठ्या माणसाचा हिरमोड करणं कुणाला जमणार? कचेरीत सगळे त्याला 'कृपयासाहेब' म्हणत. पाठीमागेही आणि तोंडावरही, आणि तो दोन्हीकडे ओ देत असे.

पाटीबरोबर मुख्यालयातून नवा सुरक्षा प्रमुखही आला होता. बुटांना इतकं पॉलिश की खाली बघून भांग पाडावा. आल्याआल्या त्याने सगळ्या दरवाजांवरच्या माणसांना मागच्या अंगणात उभं केलं आणि आदेश देण्याचा सराव घेतला. 'थांबा', 'मागे व्हा', 'सामान ठेवा'. बाकीच्यांचे आवाज भिंतीवर आपटून परत आले. कृपयासाहेबाची पाळी आली तेव्हा अंगण शांत झालं.

"कृपया थांबा," तो म्हणाला.

"कृपया काढा," प्रमुख म्हणाला.

"काय काढू?"

"कृपया हा शब्द काढा."

"अच्छा. मग... थांबता का?"

प्रमुखाने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "मुद्दा एकच," तो म्हणाला, "दुसऱ्या सगळ्या दरवाजांवर या कायद्याखाली कारवाया झाल्या. तुमच्याच दरवाजावर एकही नाही. याचा अर्थ एक तर तुमच्या दारातून देवमाणसं जातात, नाही तर तुम्ही आदेशच देत नाही. मला देवमाणसं दिसलेली नाहीत."

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जो गोळा उठला तो काही केल्या बसेना.

घरी त्याचा आवाज याहूनही बारीक निघे, आणि त्याला कारण होतं त्याची सासू. सासूबाई मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त झाल्या त्या कागदावर. मुलीकडे राहायला आल्यापासून त्यांनी घराचा वॉर्ड करून टाकला होता. चादरींचे कोपरे त्यांच्या पद्धतीने दुमडले जात, दिवे त्या सांगतील तेव्हा मालवत, आणि शेजारीपाजारीसुद्धा त्यांना मेट्रनबाईच म्हणत. जावयावर त्यांचा राग नव्हता. फक्त त्याच्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर, हा रोगी बरा व्हायला हवा होता पण का होत नाही, असा भाव असे.

"जावईबापू," त्या म्हणत, "तुम्ही विचारता फार. जरा सांगायला शिका."

"हो आई. शिकू का?" तो म्हणे.

त्याची बायको गाडी शिकवण्याचं काम करी. दिवसभर शेजारी बसून नवशिक्यांच्या हाती स्वतःचा जीव देणारी बाई ती, तिला घरात कशाचाच धक्का बसत नसे. आई आणि नवरा या दोघांमध्ये ती क्वचितच बोले, आणि बोलली तर बहुधा एकच शब्द, "ब्रेक."

तर एके दिवशी कृपयासाहेब नुसत्या चहावर घराबाहेर पडला. पोट धरून कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे थोडा थांबला, मग पुढे गेला. हे सगळं मेट्रनबाईंनी खिडकीतून पाहिलं. असा रोगी कामावर जाऊ देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण तो गेलाच होता, तेव्हा त्यांनी टोमॅटोचं पातळ सूप केलं, गाळलं, उभट स्टीलच्या डब्यात ओतलं आणि बस पकडून थेट कचेरी गाठली.

दाराशी रांग होती. मेट्रनबाई रांगेत मध्येच शिरल्या नाहीत, शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. रांग मोडणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर कानाला धरून मागे पाठवलं होतं. रांगेत सरकत सरकत त्या सामान तपासायच्या यंत्रापाशी आल्या तेव्हा कृपयासाहेब मान खाली घालून कुणाच्या तरी किल्ल्या बघत होता. त्याला आधी डबा दिसला, मग डबा धरणारा हात दिसला, आणि हात ओळखल्यावर वर बघायची त्याला गरज राहिली नाही.

"आई, तुम्ही?"

"सूप आणलंय. गरम आहे तोवर घ्या."

"हो. म्हणजे घेतो. फक्त ते आधी पट्ट्यावर... सगळेच ठेवतात."

"ठेवू देत. सगळ्यांच्या हातात सूप नाही."

तरी त्यांनी डबा पट्ट्यावर ठेवला. उभा ठेवला. पट्टा चालू झाला, डबा यंत्राच्या तोंडाशी गेला आणि वरच्या कडेला अडकून तिथेच थरथरत उभा राहिला. यंत्राचं तोंड बुटकं होतं. यंत्र चालवणाऱ्याने पट्टा मागे घेतला, पुन्हा पुढे केला. डबा पुन्हा अडला.

"उभा नाही जात हो तो," कृपयासाहेब म्हणाला.

"दिसतंय. यंत्राचं तोंड मोठं करून घ्या."

एवढ्यात त्याच्या मानेवर काहीतरी टोचू लागलं. मागे जिन्यावर, काचेच्या पलीकडे, प्रमुख उभा होता. त्याला ऐकू काही येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. रांगही आता माना उंचावून बघत होती. कृपयासाहेबाने छाती भरून श्वास घेतला. आपण आता जे बोलणार आहोत ते बोलायला लग्नानंतर इतकी वर्षं गेली, असा विचार त्याच्या मनाला चाटून गेला. मग तो बोलला.

"आई, डबा आडवा ठेवला असता तर बरं झालं असतं."

बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. त्याच्या हिशेबी हे वाक्य म्हणजे तोफेचा गोळा होता.

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ताप उतरू लागलेल्या रोग्याकडे बघावं तसं काहीतरी त्या बघण्यात होतं.

"बरं झालं नसतं," त्या म्हणाल्या. "सांडलं असतं."

आणि त्यांनी डबा उचलला, एका हाताने झाकण दाबून धरलं, यंत्राला वळसा घातला आणि सरळ आत येऊन जावयाच्या खुर्चीवर बसल्या. झाकणात सूप ओतून ते त्यांनी टेबलावर त्याच्यासमोर सारलं. कुठेतरी एक दिवा लाल झाला आणि पीं पीं वाजू लागला. तो बंद कसा करायचा हे कुणालाच आठवेना.

प्रमुख जिना उतरून आला. बुटांचा आवाज आधी आला, मग तो.

"आदेश दिलात?" त्याने विचारलं.

"हो. दिला."

"स्पष्ट दिलात?"

"माझ्या मानाने," कृपयासाहेब पुटपुटला. पीं पीं मध्ये ते प्रमुखाच्या कानापर्यंत पोचलं नाही.

"आणि या बाईंनी तो मोडला?"

"मोडला," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तुम्हाला दारावरची पाटी दिसली का, बाई?"

"दिसली. रांगेत दुसरं वाचायला काय होतं? 'किंवा' ची वेलांटी दीर्घ काढलीय तुम्ही."

प्रमुखाने कृपयासाहेबाकडे वळून हळू आवाजात विचारलं, "या ओळखीच्या आहेत का?"

"सासूबाई आहेत."

यंत्र चालवणाऱ्याने पट्टा थांबवला, नीट ऐकू यावं म्हणून. प्रमुखही क्षणभर थबकला. माणूस काही दुष्ट नव्हता, सासू त्यालाही होती. पण कायदा सगळ्यांना सारखा, असं सकाळीच त्याने सगळ्यांसमोर भाषण ठोकलं होतं, आणि तेच शब्द आता गिळायचे तर रांगेतले सगळे बघणार होते.

"कायद्याला नातेवाईक नसतात," तो म्हणाला.

"म्हणूनच त्याची अशी दशा," मेट्रनबाई म्हणाल्या. "जावईबापू, सूप घ्या."

कृपयासाहेबाने झाकणाकडे हात नेला.

"तो पुरावा आहे," प्रमुख म्हणाला. "पुरावा पिऊ नका."

"पुरावा गार होतोय," मेट्रनबाई म्हणाल्या.

तक्रार नोंदवली गेली. नोंदवताना तक्रारदाराचा हात थरथरत होता, म्हणून आरोपीने कागद धरून ठेवला. पुराव्याचं काय झालं ते नोंदीत आलं नाही. पण दुपारी कृपयासाहेबाच्या पोटातला गोळा थोडा निवळला होता एवढं खरं.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा आई विणत बसली होती आणि नवरा स्वयंपाकघरात विनाकारण ओटा पुसत होता. काय झालं ते तिने दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. दोन्हीकडे हकीकत सारखीच निघाली, त्याचंच तिला जास्त नवल वाटलं.

"म्हणजे तू माझ्या आईला पकडलंस," ती म्हणाली.

"पकडलं नाही. त्या आधीच बसल्या होत्या."

"पुढे काय?"

"कोर्ट. प्रमुख म्हणाले, त्यांनी माफी मागितली तर प्रकरण इथेच मिटवू."

"माफी चुकीची मागतात," आतून मेट्रनबाईंचा आवाज आला. "मी चूक केलेली नाही. मी गुन्हा केलाय. गरम पातळ पदार्थ आडवा ठेवणं ही चूक झाली असती."

कृपयासाहेब फडकं हातात घेऊनच त्यांच्यासमोर गेला. "आई, कायद्यात कैद आहे हो."

"माहीत आहे. पिशवी भरून ठेवलीय." खरंच खुर्चीजवळ पिशवी होती. ब्रश, घरातल्या चपला, लोकर, उशीचा अभ्रा. "सरकारी अभ्रे कसे धुतात ते मी पाहिलंय. तुम्हाला मी माफी मागायला हवी असेल तर तसं सांगा मला. स्पष्ट सांगा. बघू."

त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मागितली असती तर..."

"बरं झालं असतं. कळलं." त्यांनी सुईवर नवा टाका घेतला. "आणि मला सांगा, तुम्हाला तिथे शपथेवर विचारतील ना, नक्की काय शब्द वापरलेत म्हणून? काय सांगाल?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं. खरे शब्द सांगावेत तर, आदेश दिला असं आपण प्रमुखाला सांगितलं होतं ते उघडं पडणार, आणि भर कोर्टात हसं व्हायचं ते वेगळंच. दणकून 'ठेवा' म्हणालो असं सांगावं तर ते खोटं, तेही शपथेवर, आणि वर सासू तुरुंगात.

"खरं सांग," बायको म्हणाली. "आई सुटेल आणि तुझी फजिती होईल. फजितीची तुला सवय आहे, तुरुंगाची तिला नाही."

मेट्रनबाई काही बोलल्या नाहीत. विणत राहिल्या. पण त्या काही बोलत नाहीत हे त्या दोघांनाही जरा खटकलं.

कोर्टाची खोली लांबट होती आणि तिच्यात जुन्या फायलींचा आणि ओल्या कोटांचा वास होता. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती. त्यांच्यासमोर कायद्याच्या पुस्तकांच्या बरोबरीने रुमालांची चळत होती. सरकारी वकील तरुण होता, कोट बहुधा त्याच्या थोरल्या भावाचा असावा. मागच्या बाकावर प्रमुख ताठ बसला होता. कायद्याखालचा हा या दरवाजाचा पहिलाच खटला, तो बघायला तो मुद्दाम आला होता.

कृपयासाहेबाने शपथ घेतली. शपथेचे शब्द दुसऱ्याने सांगितले आणि त्याने फक्त मागून म्हटले, त्यामुळे तेवढे ठणठणीत आले. सरकारी वकिलाला धीर आला.

"घटनेच्या वेळी आपण आरोपीला आदेश दिलात?"

"एक वाक्य म्हणालो."

"म्हणजे आदेश. तो शब्दशः सांगा."

कृपयासाहेबाने प्रमुखाकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. सासू त्याच्याकडे न बघता समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होती.

"मी म्हणालो, आई, डबा आडवा ठेवला असता तर बरं झालं असतं."

टंकलेखकाची बोटं थांबली. "ठेवला असता की ठेवला असतात?" त्याने विचारलं.

"ठेवला असता."

"पुन्हा म्हणा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल खाली ठेवला होता. "अगदी तिथे म्हणालात तसं म्हणा."

तो तसं म्हणाला. 'बरं झालं असतं' पर्यंत आवाज इतका खाली उतरला की मागच्या बाकांवरचे लोक ऐकण्यासाठी उभे राहिले. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या एकाच्या मागून सगळी खोली हसली. दारातला पोलीस भिंतीकडे तोंड करून हसला. हसले नाहीत ते तिघेच. प्रमुख, सरकारी वकील आणि मेट्रनबाई.

"वकीलसाहेब," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "कायद्याला आदेश लागतो. हा आदेश नाही. ही हळहळ आहे."

सरकारी वकिलाने कायद्याचं पुस्तक चाळलं. हळहळीबद्दल त्यात काही नव्हतं.

"तेव्हा मोडायला आदेशच नव्हता, आणि म्हणून गुन्हाही..."

"होता," मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या.

"काय होता?"

"आदेश. मला दिला होता, मी ऐकला होता. नव्हता असं म्हणू नका."

न्यायाधीशबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "बाई, तुम्हाला कळतंय का, मी तुम्हाला सोडत होते."

"कळलं. सुटायला मला आवडेल. पण असं नाही."

"तुम्ही स्वतःच्या विरुद्ध बोलताय."

"मी जावयाच्या बाजूने बोलतेय. मध्ये मी येतेय, त्याला इलाज नाही." त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले. "हे लोक हसले ना आत्ता, त्यांच्यातल्या कुणी यांना कामावर पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, त्याच दिवशी, रांगेत उभं राहून. हे जे काही म्हणतात, जमलं तर आणि झालं तर, ते माझ्यापुढच्या प्रत्येकाने ऐकलं. एकाने तर टोपीसुद्धा काढून दिली, ती यांनी मागितलीही नव्हती. एक म्हातारे गृहस्थ कुरकुर न करता पट्टा, घड्याळ, कवळी सगळं काढायला निघाले होते. कवळी यांनीच परत लावायला सांगितली. मी वॉर्डात उभा जन्म ओरडले. ऐकायचे सगळे, पण पाठ वळली की लगेच विसरायचे. यांच्या दारातून माणसं आत गेल्यावरसुद्धा शहाण्यासारखी चालत होती. आता याला आदेश म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण मग त्या रांगेने पाळलं ते काय?"

खोलीतलं हसू विरलं होतं. कृपयासाहेब पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून उभा होता. त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. कुणीतरी आपल्याला कपाटातून बाहेर काढून, झटकून, उजेडात धरलंय एवढंच.

"मग तुम्ही का नाही पाळलात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"सूप सांडलं असतं."

"दुसरं काही कारण?"

मेट्रनबाईंनी थोडा विचार केला. शपथ घेतलेली नसली तरी त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आणि सवय नाही," त्या म्हणाल्या.

न्यायाधीशबाई बराच वेळ रुमालात तोंड घालून होत्या. ते सर्दीमुळे होतं की आणखी कशामुळे, सांगता आलं नसतं. मग त्यांनी निकाल सांगितला. आदेश नरम होता पण आदेश होता, कारण ज्याला दिला त्याला तो आदेश म्हणून कळला. आरोपीने तो समजून-उमजून मोडला आणि तसं कबूल केलं. सबब आरोपी दोषी. शिक्षा म्हणून आज कोर्ट उठेपर्यंत आरोपीने याच खोलीत मागच्या बाकावर बसून राहावं. "आणि प्रमुखसाहेब, उभा डबा ठेवायला दाराशी एखादं टेबल टाका आणि तो हाताने तपासा. सूप आडवं करायला लावणारा नियम कोर्टापुढे पुन्हा आला तर मी तो इतका थट्टेवारी नेणार नाही."

प्रमुख उठला, वाकला आणि बाहेर पडता पडता कृपयासाहेबापाशी थांबला. कृपयासाहेबाने बोलणी खायची तयारी ठेवली.

"कवळी परत लावायला सांगितलीत," प्रमुख म्हणाला, "ती कोणत्या शब्दांत?"

"म्हणालो, आजोबा, हसताना बरी दिसते तुम्हाला."

प्रमुखाने मान हलवली आणि तो निघून गेला. जाताना जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश येत होता.

मेट्रनबाईंची शिक्षा सुरू झाली. कृपयासाहेब त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्याला शिक्षा नव्हती, पण सासूला तिथे टाकून घरी जायचं म्हणजे बायकोला काय सांगायचं? पहिल्या दोन खटल्यांपर्यंत बाई नमुनेदार कैदी होत्या. मग बाल्कनीचा खटला निघाला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ झाडांना पाणी घालत, ते खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळत असे. हा वाद वर्षानुवर्षं चालला होता आणि दोघांचे वकील त्यावर म्हातारे होत आले होते.

"कुंडीखाली ताटली ठेवा म्हणावं," मेट्रनबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"शिक्षा भोगणाऱ्यांनी सल्ले देऊ नयेत," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"ताटली आहे," वरचे गृहस्थ दुखावून म्हणाले. "तीच भरून वाहते."

"मग पाणी घालता की पोहायला शिकवता झाडांना?"

दारातला पोलीस येऊन बाईंना गप्प बसायला सांगून गेला. त्याच्या डोळ्यांखालची सूज बघून मेट्रनबाईंनी त्यालाच मीठ कमी खायला सांगितलं. तो गोंधळून परत जाऊन उभा राहिला आणि खिशातला शेंगदाण्यांचा पुडा चाचपू लागला. खालच्या बाईंची उलटतपासणी सुरू झाली. मेट्रनबाई "काहीतरीच" असं पुटपुटल्या, पण त्यांचं पुटपुटणं इतरांच्या बोलण्याएवढं असे.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब," त्या मागच्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "तुमचा आदेश यांना कळतो, असं यांचंच म्हणणं आहे. तुम्हीच सांगा."

सगळी खोली वळली. कृपयासाहेब सासूकडे थोडा कलला. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं तो बोलला, "आई, थोडा वेळ गप्प राहिलात तर..."

मेट्रनबाईंनी तोंड मिटलं. पुरतं मिटलं. उलटतपासणी संपली, वकिलांची भाषणं झाली, वरच्या गृहस्थांना रडू कोसळलं, तरी त्या बोलल्या नाहीत. कृपयासाहेब चोरून चोरून त्यांच्याकडे बघत राहिला. आपल्या शेजारी काहीतरी जड वस्तू अलगद ठेवली गेली आहे आणि हलू नये, अशा बेताने तो बसला होता.

बाल्कनीचा निकाल त्या दिवशी लागला नाही, पुढची तारीख पडली. कोर्ट उठलं, लोक पांगले, तेव्हा मेट्रनबाईंनी पिशवी जावयाच्या हातात दिली आणि त्यांचं मौन सुटलं.

"हे कोर्टापुरतं होतं," त्या म्हणाल्या. "घरी अपेक्षा ठेवू नका."

"नाही ठेवत," तो म्हणाला. मग पायऱ्या उतरताना म्हणाला, "पण चूक खालच्या बाईंचीच आहे."

मेट्रनबाई पायरीवर थांबल्या. "काय म्हणालात?"

"दोरी भिंतीकडे सरकवली असती तर थेंब आला नसता कपड्यांवर. इतकी वर्षं भांडत बसल्या त्या."

"दोरी का सरकवायची? दोरी त्यांच्या बाल्कनीत आहे."

"आणि झाडं वरच्यांच्या."

"जावईबापू, पाणी खाली येतं, दोरी वर जात नाही."

बायको शिकवणीची गाडी घेऊन बाहेर थांबली होती. निकाल ऐकायला ती पुढचं दार उघडून बसली होती, पण ते दोघे मागच्या सीटवर चढले आणि तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. अर्धा रस्ता तिने ऐकून घेतलं. कुंड्या, उतार, ताटली, ओले कपडे. तिच्या नवऱ्याचा आवाज चढला होता. फार नाही, पण मागच्या काचेपर्यंत पोचेल इतका.

"शिक्षा काय झाली ते तरी सांगा," ती म्हणाली.

"झाली, भोगली," आई म्हणाली, आणि परत जावयाकडे वळली. "आणि समजा खाली तुम्ही राहत असता तर?"

"मी वर जाऊन सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं, झाडं फार छान वाढलीत तुमची. थोडी तहानलेली राहिली तर आणखी वाढतील."

मेट्रनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण चूक वरच्याचीच आहे."

बाल्कनीच्या तारखेला कृपयासाहेबाने रजा टाकली. सासू-जावई दोघं सकाळीच निघाले, मागच्या बाकावर बरी जागा मिळावी म्हणून.